दर पुस्तकास दहा रुपये

आमच्या गावाचे नाव वारूळवाडी. नारायणगावला खेटून, मीना नदीच्या काठी, पुणे-नाशिक रस्त्यावर. नावातली वारुळे पुढे कुठे गेली ते असो; त्यांतले रहिवासी मात्र गेल्या काही वर्षांपासून माझ्या पुस्तकांच्या कपाटात राहायला आले आहेत. वाळवीबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधले एकही पान न गाळता, प्रस्तावना आणि शुद्धिपत्रासकट पुस्तक फस्त करणारा दुसरा वाचक आमच्या घराण्यात झालेला नाही. तिला कोणी बक्षीस देत नाही, तिची परीक्षा घेत नाही, वाचनाचे फायदे तिला कोणी समजावून सांगत नाही. तिला आवडते म्हणून ती खाते. संपले!

वाळवीचे हे कौतुक मला सुचले ते आमच्या नातवामुळे. वय वर्षे दहा, इयत्ता पाचवी. त्याला वाचता येत नाही असे मुळीच नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर तो चष्म्याशिवाय वाचतो, आणि मोबाइलच्या आतल्या ज्या इंग्रजी सूचना पाहून मला घाम फुटतो त्या तो चालता चालता वाचून निकालात काढतो. पण पुस्तक हातात दिले की त्याचा चेहरा एरंडेल समोर ठेवल्यासारखा होतो.

याचे मला फार वाईट वाटे. प्रामाणिकपणे सांगायचे तर निम्मे वाईट नातवासाठी वाटे आणि निम्मे स्वतःसाठी. नोकरीच्या काळात पुण्याहून दर खेपेला पिशवी भरभरून पुस्तके आणून मी गावात ‘वाचणारा माणूस’ म्हणून नाव कमावले होते. आता अशा माणसाच्या नातवाने पुस्तक पाहून पळावे, म्हणजे पैलवानाच्या पोराने लिंबू सरबत पिऊन झोपावे तसे झाले. तेव्हा नातवाला वाचनाचा आनंद मिळवून द्यायचाच, मग त्याला तो आवडो की न आवडो, असा मी निश्चय केला. या वाक्यात काहीतरी गफलत आहे हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

सुरुवात उपदेशाने केली. ‘वाचाल तर वाचाल’ हे मी त्याला फळ्यावर लिहून दाखवले. त्याने ते दोनदा वाचले आणि विचारले, “आजोबा, पणजी वाचायची का?”

“नाही रे, तिला अक्षरओळख नव्हती.”

“मग ती चौऱ्याऐंशी वर्षं कशी वाचली?”

फळा पुसला.

मग त्याला भिलारला नेले. पाचगणीजवळचे हे गाव 2017च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घराघरांतून पुस्तके मांडलेली, कोणीही यावे, बसावे, वाचावे. कल्पना इतकी गोड की मी एका ओसरीवर बसलो तो उठेचना. चिरंजीवांचा चिरंजीव मात्र तासाभरात सबंध गाव पालथे घालून आला आणि कोणत्या शेतातली स्ट्रॉबेरी आंबट व कोणत्या शेतातली गोड याचा सविस्तर अहवाल त्याने दिला. पुस्तकांच्या गावातून आम्ही दोन किलो स्ट्रॉबेरी घेऊन परतलो.

ऑक्टोबरात शाळेत ‘वाचन प्रेरणा दिन’ झाला. 15 ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. 2015पासून महाराष्ट्रात तो असा साजरा होतो. नातवाने ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहिला आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. बक्षीस म्हणून पुस्तक मिळाले. ते अजून रंगीत कागदात जसेच्या तसे आहे. कागद फार छान आहे, फाडवत नाही, असे त्याचे म्हणणे.

त्या रात्री मला एक विचार सुचला. आमच्या शेजारचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. माझ्या लहानपणी तमाशा पाहायला जाणे म्हणजे पाठीवर वळ उठवून घेणे. तरी आम्ही जात होतो. कुंपणाखालून, झाडावरून, गोणपाट पांघरून. तमाशाची गोडी लागावी म्हणून इथे कोणी कधी ‘तमाशा प्रेरणा दिन’ साजरा केला नाही. तीच गोष्ट वाचनाची. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. वडिलांनी एकदा त्यातली एक पकडून बंबात घातली. जळताना ती अगदी खुनी सापडायच्या पानावर होती. तो खुनी मला आजतागायत मिळालेला नाही.

म्हणजे गुपित बंदीत आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटाला कुलूप लावले, किल्ली मुद्दाम खिळ्यावर ठेवली आणि गंभीर आवाजात म्हणालो, “या कपाटाला अजिबात हात लावायचा नाही. त्यातली पुस्तकं लहान मुलांसाठी नाहीत.” आणि दाराआडून पाहत राहिलो.

पोराने महिनाभर कपाटाला हात लावला नाही. त्याचा मित्र एकदा हात लावायला गेला, तर याने त्यालाही अडवले. “आजोबांनी नको म्हटलंय.” इतका आज्ञाधारक मुलगा आमच्या घराण्यात कसा निपजला याचे आश्चर्य करावे, की त्याच्याशी लबाडी करायला निघालो याची लाज वाटून घ्यावी, हे मला कळेना. आमच्या सौ.ला कळले. ती म्हणाली, “मोठ्या माणसानं खोटं बोलायचं आणि पोरानं खरं मानायचं, यात चूक पोराची आहे का?”

यानंतर मी शेवटचा उपाय काढला. पैसा. दर पुस्तकास दहा रुपये.

पहिल्याच संध्याकाळी त्याने चार पुस्तके वाचली. चारही त्याच्या धाकट्या बहिणीची. ‘हत्ती. घोडा. उंट.’ असे एकेका पानावर एकेक जनावर. रविवारपर्यंत आकडा चौदावर गेला. त्यात लग्नपत्रिका होती, खताच्या पोत्याबरोबर आलेले माहितीपत्रक होते आणि मिक्सरची पुस्तिका होती. ही पुस्तिका आठ भाषांत असल्यामुळे तिचे त्याने ऐंशी रुपये मागितले. मी नियम कडक केले. किमान पन्नास पाने, आणि नंतर प्रश्न विचारले जातील. त्याने एक साहसकथा पाऊण तासात आणून परत दिली.

“गोष्टीत काय होतं सांग.”

“आधी खूप संकटं येतात.”

“मग?”

“मग ती जातात.”

टीकाकार म्हणून तो अगदीच चुकला असे म्हणवत नाही. मासिकांतून मी वाचलेल्या कित्येक परीक्षणांत याहून जास्त काही नव्हते.

याच सुमारास शेजारच्या बागाईतदाराकडे बसलो होतो. त्यांच्या बागेत मजूर द्राक्षाचे घड एकेक करून डब्यातल्या पाण्यात बुडवत होते. त्या पाण्यात जीए असते. मी सहज विचारले, “याने द्राक्ष गोड होतं का हो?”

ते हसले. “नाना, इतकी वर्षं गावात राहून काय शिकलात? जीएनं मणी फुगतो. गिऱ्हाईक लांबून बघून खूश होतं. फुगला म्हंजे गोड झाला असं नाय. गोडी पाल्यातनं येते, उन्हातनं येते. अन् तिला टाइम लागतो. ऑक्टोबरच्या छाटणीला आमी गोडी छाटणी म्हणतो, पण छाटल्या दिवशी गोडी येती व्हय? चार महिने वाट बघावी लागती.”

मी घरी आलो तो चौदा पुस्तकांचा हिशेब टेबलावर पडलेला. मणी चांगलाच फुगला होता.

मागाहून असेही वाचनात आले की अमेरिकेत 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग करून हीच गोष्ट दाखवून दिली आहे. ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा असलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पेने पुन्हा समोर ठेवली. ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते ती मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत बसली. बक्षीस नाही, तर चित्र कशाला? आमच्या बागाईतदारांना हे बागेतल्या डब्यावरून माहीत होते. फरक इतकाच की त्यांनी निबंध छापला नाही.

पण खरा दणका पुढेच होता. हिशेबाचे पैसे मोजून घेताना नातवाने विचारले, “आजोबा, तुम्हाला कोण देतं?”

“काय?”

“पुस्तकं वाचायचे पैसे.”

“मला कोण देणार? मी आनंदासाठी वाचतो.”

त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “कधी?”

हा ‘कधी’ त्याने खोडसाळपणाने विचारला असता तर कान तरी पिळता आला असता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. त्याने मला जन्मापासून पाहिले आहे. सकाळी पेपर, मग मोबाइलवर गुलाबाच्या फुलांसह आलेले शुभ सकाळ, दुपारी झोप, संध्याकाळी मोबाइलवर भांडणे, रात्री बातम्यांतली भांडणे. उशाशी एक कादंबरी असते खरी. मी गुपचूप जाऊन ती उघडली. बासष्टाव्या पानावर खूण म्हणून एस.टी.चे तिकीट घातलेले होते. तिकिटावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाचत पडावे म्हटले तर तीही सवय उरली नव्हती. मग विचारच करत पडलो.

मुलांना आपण कितीतरी गोष्टी सक्तीने करायला लावतो आणि त्यात काही गैर नाही. दात घास, पाढे म्हण, मोठ्यांना उलट बोलू नकोस. या गोष्टी आनंदाने केल्या नाहीत तरी चालतात. दात रडत घासले तरी स्वच्छ होतात. पण ‘आनंदाने वाच’ हा हुकूमच विचित्र आहे. तो पाळायला गेले की मोडतो. हुकूम म्हणून वाचले की आनंद गेला, आणि आनंद झाला तर हुकमाची गरजच नव्हती. मग दुसऱ्याच्या आनंदाचा कारभार आपण हातात घ्यावाच का? पोराला विटी-दांडू आवडतो, ट्रॅक्टरच्या आवाजावरून तो कोणाचा ते ओळखतो, पोहतो. त्याचे काय बिघडले आहे? भरपूर वाचलेले लबाड लोक मी कचेरीत डझनाने पाहिले आहेत, आणि एक ओळही न वाचलेली देवमाणसे याच गावात पाहिली आहेत.

सौ.चे मत सरळ होते. “सोडा त्याचा पिच्छा. लागायची तेव्हा लागेल गोडी.”

हे मला निम्मे पटले, निम्मे नाही. कारण आपण पोराचा पिच्छा सोडला म्हणून जग सोडत नाही. त्याच्या हातातला तो मोबाइल त्याने खाली ठेवू नये म्हणून कुठेतरी हुशार माणसे पगार घेऊन दिवसरात्र काम करत आहेत. एका बाजूने एवढी फौज आणि दुसऱ्या बाजूने आजोबांनी ‘मी कशाला सक्ती करू’ म्हणून हात बांधून बसायचे, याला काही तटस्थपणा म्हणत नाहीत. जी चवच माहीत नाही ती मुलाने नाकारली, असे तरी कसे म्हणावे? मासवडी कशी लागते हे निबंध लिहून कळत नाही. ताटात पडावी लागते. तेव्हा वाढणे हे आपले काम आहे. पंगतीत वाढप्याने पुढे यावे, थोडा आग्रहही करावा. पण घास कोंबू नये, आणि ‘खाल्लेस तर दहा रुपये’ असे तर मुळीच म्हणू नये. तसे म्हटले की शहाण्या माणसाला पदार्थाचाच संशय येतो. आणि जो वाढपी स्वतः त्या पदार्थाला दोन वर्षे शिवलेला नाही, त्याचा आग्रह कोण मानणार?

इथे मला आई आठवली. तीच ती, न वाचता चौऱ्याऐंशी वर्षे वाचलेली.

चातुर्मासात आमच्या ओसरीवर पोथी असे. श्रीधराचा ‘हरिविजय’. वाचणारा मी, वय वर्षे नऊ. ऐकणाऱ्या आई आणि आळीतल्या चारसहा बायका. कंदील एकच. मला त्या कामाचा भयंकर कंटाळा. एका रात्री बाहेर पोरे खेळायला थांबली होती, म्हणून मी मधल्या पंचवीस-तीस ओव्या बेमालूम गाळल्या आणि अध्याय संपवून पळालो. अडाणी बायकांना काय कळणार, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “काल कंस लवकर मेला रे.”

मी गारच पडलो. तिला सगळी पोथी ऐकून ऐकून पाठ होती. मी चिडून म्हणालो, “तुला सगळं ठाऊक आहे, तर रोज वाचायला कशाला लावतेस?”

तिने भाकरी उलटली. “आपली माणसं रोज भेटतात, ती काय नवीन सांगतात म्हणून भेटतो व्हय?”

मला तिने मारले नाही. वाचनाने मी मोठा साहेब होईन असेही ती कधी म्हणाली नाही. तिला माझे काही घडवायचे नव्हतेच. तिला गोष्ट हवी होती, आणि ती मिळायचे एकमेव साधन घरात मी होतो. त्या रात्री तिने कंदील माझ्या बाजूला थोडा जास्त सरकवला, एवढेच. आणि मी कंसाला सावकाश मारला. बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि आपल्या तोंडून निघालेल्या शब्दांनी माणसे रडतात याची मला पहिल्यांदाच गंमत वाटली. माझ्या कपाटातल्या पुस्तकांचा उगम शोधत गेलात तर तो त्या कंदिलापाशी सापडेल.

तेव्हा ठरवले की नातवाच्या वाचनाचे नंतर पाहू, आधी आपले पाहू. निदान ‘आनंदासाठी वाचतो’ हे वाक्य खरे तरी करावे. डिसेंबरातली रात्र होती. वीज गेली. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने अंधारात कोणी बाहेर पाऊल टाकत नाही, त्यामुळे सगळे घर एका खोलीत. नातवाचा मोबाइल संपलेला. मी बॅटरी लावली आणि हाताला लागले ते पुस्तक उघडले. ते नेमके त्याच्यासाठी आणलेले, भा. रा. भागवतांचे ‘फास्टर फेणे’ निघाले. हा फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, ‘ट्टॉक’ करणारा. त्याच्यावर 2017 साली चित्रपट निघाल्यावर नातवाने जाहीर केले होते की आता पुस्तकाची गरज उरली नाही.

सुरुवातीला मी कर्तव्य म्हणून वाचत होतो. पाच-सात पानांनंतर कर्तव्याचा विसर पडला. एका ठिकाणी मी मोठ्याने हसलो.

“काय झालं?” अंधारातून आवाज.

“काही नाही.” मी खरेच नादात होतो.

“मोठ्यानं वाचा ना. आम्हाला काहीच काम नाहीये.”

मी मोठ्याने वाचू लागलो. धाकटी ऐकत ऐकत झोपली. सौ. ‘झोपा आता’ म्हणता म्हणता ऐकत राहिली. नातू आधी लांब होता. मग बॅटरी धरायला म्हणून जवळ आला. मी अगदी ऐन भरात वाचत होतो, आणि गोष्ट ऐन रंगात असताना... या ठिकाणी बालमानसशास्त्र जाणणारा चतुर आजोबा मुद्दाम थांबला असता. मी मुद्दाम थांबलो नाही. मला झोप लागली.

सकाळी उठलो तर उशाशी पुस्तक नाही. शोधता शोधता मागच्या दारी गेलो. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर नातू बसला होता आणि दुधाचा पेला शेजारी गार होऊन त्यावर साय आली होती.

“अरे, पुढे काय झालं?” मी विचारले.

इतके दिवस हा प्रश्न मी मास्तर म्हणून विचारत होतो. आज मला खरोखरच उत्तर हवे होते. बंबातला तो खुनी हातचा गेल्यापासून गोष्ट अर्धवट राहण्याची मला धास्तीच आहे. पोराने पानावर बोट ठेवून वर पाहिले. मला वाटते, त्यालाही फरक कळला.

“नाही सांगणार. तुम्हीच वाचा,” तो म्हणाला. मग माझा पडलेला चेहरा पाहून त्याला दया आली. “हवं तर दहा रुपये देतो.”

आता या गोष्टीचा शेवट ‘आणि तेव्हापासून तो अखंड वाचू लागला’ असा करायला मला फार आवडले असते. तसे झालेले नाही. ते पुस्तक त्याने संपवले, मला दिले आणि तीन आठवडे चेंडू-फळीत गेला. मध्येच एकदा दुसरे मागून नेले आणि ‘बोअर आहे’ म्हणून परत आणले. मी “बरं” म्हणालो. तेवढे एक अक्षर म्हणायला मला किती कष्ट पडले हे माझे मला माहीत. वीज गेली की मात्र “आजोबा, बॅटरी” अशी हाक येते, आणि मी वाचतो. वीज आल्यावरही वाचन लगेच थांबत नाही, असे दोनदा झाले आहे.

इथून जवळच खोडदला ती प्रचंड दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या. विज्ञान दिनाला आम्ही ती पाहायला गेलो. नातवाने मला समजावून सांगितले की तबकडी काही पाठवत नाही, नुसती ऐकते. तारा बोलेल तेव्हा बोलेल, आपण कान तयार ठेवायचा. एवढी सोपी गोष्ट मला घरातल्या घरात कळायला सहा महिने लागले.

आमच्या बागाईतदारांना विचारले, गोडी भरलीय हे नेमके कधी कळते? ते म्हणाले, “मण्याला सारखा सारखा दाबून बघायचा नाय, नाना. डागाळतो.”

तेव्हा मी दाबून पाहणे बंद केले आहे. उशाशी असलेले एस.टी.चे तिकीट बासष्टावरून एकशेचाळीसाव्या पानावर आले आहे. आणि एक महत्त्वाचे काम केले: कपाटाचे कुलूप काढून टाकले आणि आतून सगळीकडे वाळवीचे औषध मारून घेतले. नातवाची पाळी येईल तेव्हा येईल; तोवर दुसऱ्या वाचकाने सगळी पुस्तके संपवून टाकू नयेत.